गोलकीपर प्रज्ञाची टोपी

"ताई, मॅच चालू असताना सू लागली तर तुम्ही काय करता?"

विचारलं एकदाचं! वर्गातल्या क्षिप्रा आणि गोदूने पैजच लावली होती, विचारलंस तर परतीच्या एसटीत खिडकी तुझी, थेट गावापर्यंत. नववीत गेल्यापासून प्रज्ञा कुणाला म्हणून घाबरत नव्हती. निदान सगळ्यांना सांगत तरी तसंच होती. त्यामुळे शहरातली ती फुटबॉलची मॅच संपल्यावर गोलकीपर राही हात हलवत कठड्याजवळ आली, त्यांच्या शाळेच्या मुली "राही! राही!" करून घसे फोडू लागल्या, तेव्हा हिने बेधडक प्रश्न टाकला. मागे क्षिप्राने गोदूच्या खांद्यात तोंड खुपसलं.

राही थांबली. ग्लोव्हज काढता काढता हसायला लागली.

"तू गोलकीपर आहेस ना?"

"आं?"

"हे गोलकीपरलाच सुचतं. बाकीच्या पळत असतात, त्यांना कुठली आठवण! आपण उभ्या. आपल्याला नको ते सगळं आठवतं."

आपण! प्रज्ञाच्या तोंडातून निघून गेलं, "हो. गोलकीपरच."

"नाव काय?"

नाव सांगितलं. राहीने प्रज्ञाच्या डोक्यावरची पांढरी टोपी उचलली, कुणाचं तरी मार्कर घेतलं आणि समोरच्या पट्टीवर लिहिलं, 'गोलकीपर प्रज्ञाला, गोलकीपर राहीकडून.' खाली झोकदार सही. टोपी परत प्रज्ञाच्या डोक्यावर ठेवून राही पुढे गेलीसुद्धा.

"उत्तर कुठे दिलं तिने? खिडकी माझीच," क्षिप्रा म्हणाली. एरवी प्रज्ञा भांडून भांडून तिला उठवती. पण त्या दिवशी ती मधल्या सीटवर टोपी मांडीत घेऊन बसली. ते हिरवंगार मैदान, ते दिवे, राहीने आडवं झेपावून अडवलेला बॉल, सगळं डोळ्यांपुढे येत होतं, आणि मध्येच ते 'गोलकीपर प्रज्ञा' येऊन बोचत होतं.

कारण प्रज्ञा गोलकीपर नव्हतीच. आगरदांड्याजवळ त्यांच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की वाळू घट्ट होते. मग तिचा मोठा भाऊ धम्मदीप आणि त्याचे दोस्त बांबू रोवून खेळतात. एक गोल माडांकडे, एक समुद्राकडे. समुद्राकडच्या गोलमागे, गुडघाभर पाण्यात प्रज्ञा. बॉल लाटेत गेला की आणून द्यायचा. चौथीत असल्यापासून तिचं काम तेवढंच.

घरी पप्पांनी टोपी ट्यूबलाइटखाली धरून वाचली. मग परत वाचली. रत्नपाल कांबळे, तहसील कार्यालयातले क्लार्क, एरवी कागद बघून न हलणारा माणूस. पण ही टोपी त्यांच्याने खाली ठेववेना.

"काचेच्या पेटीत फ्रेम करून घेऊ. बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंत मोकळी आहे."

"गोलकीपर कधी झालीस गं तू?" आईने विचारलं. आई शिक्षिका, तिच्यापुढे काही म्हणून टिकत नाही.

"ही? ही बॉल आणते!" धम्मदीप भाकरीचा घास तसाच तोंडात ठेवून हसला.

"गोलपाशी उभी तर असते ना मी? मागे काय नि पुढे काय!" प्रज्ञाने जोरात ठणकावलं. पण तिचं तिलाच पटेना. आपण धडधडीत खोटं बोललो, की राहीताईला आपल्यात काहीतरी दिसलं, जे आपल्याला दिसत नाही? तिने तर आपल्याला फक्त सूबद्दल विचारताना पाहिलं! शाळेत सर मुलींची टीम करत होते. सगळ्या वर्गाने टोपी बघितलेली, त्यामुळे गोदू येता-जाता म्हणायची, "गोलमध्ये आमची प्रज्ञा, ठरलं." आणि प्रज्ञा प्रत्येक वेळी हसायची, नेमकं कशाला ते न कळता.

रविवारी ओहोटीला ती धम्मदीपला म्हणाली, "आज मी आत उभी राहणार."

"आणि बॉल कोण आणणार?"

"माझ्यामागे गेला तर ना!"

धम्मदीपचा दोस्त कान्हा धावत आला. पायाला बॉल लागायच्या आधी त्याने खांदा पाडला, आणि प्रज्ञाला लख्ख कळलं, डावीकडे येणार. इतकी वर्षं मागून हेच तर बघत आली होती. ती डावीकडे झेपावली. बॉल तिच्या हाताखालून थेट पाण्यात.

पुढचाही कळला. तोही गेला. कळत होतं सगळं, हातच पोचत नव्हते. दर वेळी उठायचं, तोंडातली वाळू थुंकायची, लाटेत शिरून आपणच बॉल आणायचा.

"आणायला जवळ पडतं म्हणून सोडतेस का गं?" कान्हा ओरडला. पोरं खो खो हसली.

शेवटचा बॉल तिच्या पोटावर आदळून बाहेर गेला. हा अडवला म्हणायचा की नुसता लागला, तेही तिला कळेना.

घरी जाताना धम्मदीप एकदम म्हणाला, "तुला कसं कळतं गं, कुठे येणार ते?"

"कळून काय उपयोग? सगळे गोल खाल्ले."

"हां, तेपण खरंच."

घरी पप्पा टोपी जपून वर्तमानपत्रात गुंडाळत होते. उद्या मुरूडला फ्रेमवाल्याकडे न्यायची होती. प्रज्ञाने ती त्यांच्या हातातून काढली आणि खाऱ्या, ओल्या केसांवर चढवली.

"अगं, अगं! शाई पसरेल!" आई ओरडली.

"पसरू दे. पप्पा, फ्रेम नको. मी राहीताईला खोटं सांगितलं होतं. मी गोलकीपर आहे की नाही, मला खरंच कळत नाहीये. पण उद्या सरांना नाव देणार आहे, गोलमध्ये उभं राहायला. आणि ही टोपी घालूनच उभी राहणार. सही गेली तर गेली."