चुलीवर राखलेली पुडी

मी पुंडलिक. आमच्या निडी गावात मला विचारल्याशिवाय कोणी आंब्याची फांदी छाटत नाही, निदान परवापर्यंत तरी छाटत नव्हतं. कंपनीत शिफ्टा करकरून मी हापूसची अठरा कलमं वाढवली, पोटच्या पोरांसारखी. गेल्या वर्षी त्यांची पानं पिवळी पडून गळायला लागली. मूळ उकरून बघितलं तर काळं, बोट लावताच साल सुटून येई. जीव नुसता तुटत होता.

शेतीखात्यातल्या अपेक्षा मॅडम रोह्याहून आल्या. म्हणाल्या, "काका, मुळांना वाईट बुरशी लागलीय. तिला खाणारी चांगली बुरशी असते. तिची पावडर आणा, शेणखतात मुरवा आणि मुळाशी घाला. तोवर पुडी नीट जपा हां."

आता जपायचं कसं ते मला शिकवणार? आमच्याकडे वालाचं बी, चिंच, सुकट, जे म्हणून जपायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. धूर लागला की कीड फिरकत नाही. शिमग्याला आणलेली पुडी मी तिथंच ठेवली. खाली आंघोळीच्या पाण्याची चूल रोज पेटत होती. मृग लागल्यावर पुडी काढली आणि अठराच्या अठरा झाडांना घातली.

त्याच आठवड्यात बायजानं घोळ घातला. ही डोंगरालगतच्या कातकरवाडीतली, माझ्याकडे बेणणीला, म्हणजे गवत काढायला, यायची. सकाळी बघतो तर डोंगरातून पाट्या भरभरून काळी माती अन् कुजका पाला आणतेय आणि कलमांखाली पसरतेय. बारा झाडांना घालूनही झालं होतं, मला न विचारता!

"हे काय चाललंय गो?"

"तुमची माती मेलीय, शेट. वास नाय तिला. ही जुन्या झाडांखालची हाय, हुंगून बघा."

मी हुंगतोय कशाला! माझं डोकं फिरलं. डोंगरातली घाण माझ्या औषधावर? तोंडाला येईल ते बोललो, तिच्या आईबापापर्यंत गेलो. पाटी लाथाडली आणि उद्यापासून येऊ नको म्हटलं. ती पाटी उचलून चालती झाली.

श्रावणात बारा झाडांना तांबूस पालवी फुटली. मला गगन ठेंगणं झालं. रोह्याच्या मेळाव्यात पावडर या विषयावर मी अर्धा तास बोललो. कोणीतरी विचारलं, मग उरलेली सहा का सुकताहेत? म्हटलं, एकेकाचं नशीब. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अपेक्षा मॅडमना मात्र नशीब पटलं नाही. त्यांनी झाडांखालची माती नेली, पुडीत उरलेली चिमूटभर पावडरही तपासायला नेली. काही दिवसांनी फोन आला.

"काका, पुडीत जिवंत काहीच नाही. बारा झाडांखाली चांगली बुरशी भरपूर आहे, पण ती पुडीतली नव्हे, रानातली दिसते. पुडी ठेवली कुठं होती?"

मी सांगितलं.

"काका, जीव असतो हो त्यात. तुम्ही भाजलीत ती."

बायको शेजारीच उभी होती. हसू दाबायला तिला पदर तोंडात कोंबावा लागला.

सहा झाडं डोळ्यांदेखत चालली होती. एस.टी.नं पेण गाठलं, तिथून हमरापूर. बायजा आता तिथं गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासत होती. 'चुकलो' म्हणायला माझ्या जिवावर आलं, पण म्हटलं.

"गणपती होईतो सुटी नाय, शेट."

"तोवर मरतील गो झाडं!"

"व्हय, मरतील," ती म्हणाली आणि पुढची मूर्ती ओढली.

"मग माती कुठली ते सांग, मी आणतो."

"ते नाकाला कळतं. तुमच्या नाय कळायचं."

काय मिजास! पण खरं तेच होतं. दोन दिवस मी डोंगर हुंगत फिरलो. मला सगळ्या मातीला मातीचाच वास येत होता.

विसर्जन झाल्यावर ती आली. आपणहून आली, हे कबूल करायला हवं. सहाही झाडांना तिनं माती घातली. चार सावरली. दोन आतून पार वाळली होती. कुऱ्हाड मीच चालवली आणि लहान पोरासारखा रडलो, लाज कसली त्यात.

दिवाळीनंतर अपेक्षा मॅडम अहवाल लिहायला आल्या. मी घसा खाकरून पुढं झालो, तर त्यांनी खुर्ची बायजाकडे वळवली. "बायजाबाई, काय लिहू?"

बायजा खुर्चीत बसली नाही. उभ्यानंच माझ्याकडे बघून म्हणाली, "लिवा, सोळा मातीनं जगली. दोन शेटच्या तोंडानं मेली."

मॅडमचं पेन थांबलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"लिहा," मी म्हटलं.