मंजूर म्हणणारा गळा

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत विषय चेअरमननं वाचायचा आणि 'मंजूर' म्हस्कूनं ओरडायचं, हा एकवीस वर्षांचा रिवाज. मेंढरं वळून कमावलेला गळा. भीमेच्या या काठाला हाक मारली तर पल्याड दौंडाकडची कुत्री कान टवकारायची. चेअरमन पोपटरावांनी तो गळा हेरला आणि म्हस्कूला पुढाऱ्यांच्या सोफ्यामागच्या पहिल्या खुर्चीत बसवलं. विषय पुरता वाचून व्हायच्या आत म्हस्कू ओरडणार, मागोमाग सारा मंडप ओरडणार, आणि सभासद गेटवर पाच किलो साखरेच्या रांगेकडं पळणार. याला सहकार म्हणायचे. म्हस्कूला तो स्वतःचा मान वाटायचा.

यंदा सभेच्या दिवशी सकाळी सून अंकितानं अहवाल उघडला.

"मामा, नऊ नंबरचा विषय वाचला का?"

"आजवर कवा एक तरी वाचलाय का?"

"कारखाना विकायचाय. चेअरमनच्या व्याह्याच्या कंपनीला."

म्हस्कूची बशी ओठाशीच थांबली. त्याच्या बापानं अकरा मेंढ्या विकून कारखान्याचा शेअर घेतला होता. धनगराच्या पोरानं मालक म्हणून मिरवावं असा तेवढाच एक कागद, देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलेला.

"मग आपल्या शेअरचं काय?"

"फ्रेम चांगली हाय. तेवढी ऱ्हाईल."

अंकिता रांजणगावला कंपनीत ठेक्यावर होती. सात महिने भरले की घरी बसवायचे, महिन्यानं नवीन म्हणून परत घ्यायचे. खाजगी म्हंजी काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तुम्ही फकस्त गप बसा मामा," ती म्हणाली. "तुम्ही वरडला न्हाई तर कुणाचंच तोंड उघडत न्हाई."

सभेत आठ विषय नेहमीसारखे उरकले. नवव्याला पोपटरावांचा लेक सत्यजीत माईकवर आला. पुण्याहून एमबीए झालेला, आणि भर उन्हात अंगात जॅकेट.

"जग बदललंय. पोलंडनं सरकारी कारखाने विकले, व्हिएतनामनं बाजार खुला केला. कुठल्या कुठं गेले ते. आपण अजून सहकारातच. ग्रोथ पाहिजे ना?"

"पोलंडात उसाला काय भाव देत्यात?" मागून म्हस्कूच्या आळीतल्या मारुतरावानं विचारलं.

"तो मुद्दा वेगळा आहे, काका."

मंडप हसला. बाजार खुला करताय तर निविदा एकच कशी आली, आणि तीही व्याह्याचीच कशी, हे कुणी विचारलं नाही. त्यासाठी अहवाल वाचावा लागतो. अहवाल खुर्ची पुसायला वापरतात.

"विषय नऊ. सभागृहाला मंजूर आहे?"

म्हस्कूनं दात आवळले. मंडप चिडीचूप. दोन हजार शहाणी माणसं त्याच्या पटक्याकडं बघत राहिली. विरोध कुणाचाच नव्हता. सुरुवात कुणी करायची, एवढीच अडचण.

पोपटराव वाकून म्हणाले, "आबा, घसा बसला काय?"

"घसा बरा हाय. मला हे मंजूर न्हाई."

असं तो जन्मात पहिल्यांदाच म्हणत होता. शब्द सोफ्यापुढं गेलेच नाहीत.

सत्यजीतनं मंडपवाल्याला खूण केली. भोंग्यातून मागच्या वर्षीच्या सभेचं रेकॉर्डिंग वाजलं. "मंजूऽऽर." म्हस्कूचाच आवाज. माणूस समोर गप्प बसलेला दिसत होता, तरी मंडप सवयीनं मागोमाग गरजला.

"सभा संपली. साखर गेटवर आहे," सत्यजीत म्हणाला.

म्हस्कू बाहेर येऊन गेटजवळच्या उसाच्या वजनकाट्यावर चढला आणि आता त्यानं गळा मोकळा सोडला. "मंजूर न्हाई. म्या वरडलो न्हाई. विकू देऊ नका." हाक नदीपार गेली असेल. रांगेतल्यांनी एकदा मान वळवली. पण रांगेत मागं बघत बसलं की मधे कुणीतरी घुसतं, म्हणून माना परत पुढं झाल्या.

"आबा, एक काय ते ठरवा," मारुतराव म्हणाला. "आत्ता तर मंजूर म्हणला."

म्हस्कू ओरडत राहिला, गळा खरोखरच बसेपर्यंत. मग काट्यावरून उतरला आणि रिकाम्या हातानं घरी निघाला.

त्याची पाच किलो साखर मारुतरावानं नेली. वाया कशाला घालवायची, म्हणाला.