माझा हात उठणार नाही

गिऱ्हाइकांच्या चष्म्यांची कामं बाजूला सारून ताईने भावाच्या चष्म्याची वाकलेली काडी चिमट्यात धरली. बारक्या काउंटरपलीकडे स्टुलावर बसला होता. डावा गाल लालभडक झाला होता, आणि चष्म्याशिवाय तो अगदीच शाळकरी दिसत होता.

"कुणी मारलं?"

"कुणी नाही. गंमत चालली होती."

"गमतीत काडी वाकते का रे?"

ताईने काडी सरळ केली, काच पुसली आणि चष्मा त्याच्या हातात जवळजवळ आपटलाच.

वस्तीत पोरांच्या मारामाऱ्या वाढल्या होत्या. उन्हाळ्यात मागच्या गल्लीतला एक मुलगा जिवानिशी गेला, तेव्हा पालिकेला जाग आली आणि मोहीम निघाली. माणसं कॉलेजात आली, फोटो काढून गेली, आणि पंधरवड्यात चौकातल्या भिंतीवर टांगलेल्या कापडी फलकावर बारक्याचा चेहरा झळकला. हाताची घडी, ओठांवर हसू आणि खाली ठळक अक्षरं: माझा हात उठणार नाही. आईने आल्यागेल्याला ओढून नेऊन दाखवलं. आणि दोन दिवसांतच कुणीतरी मागून टपली मारली. "उठव की हात!" तेव्हापासून वस्तीतल्या एकेका रिकामटेकड्याचे हात शिवशिवायला लागले. पालिकेच्या कुठल्याही सूचनेकडे वस्तीने आजवर इतकं लक्ष दिलं नव्हतं. जो वाचायचा, तो येऊन खात्री करून घ्यायचा.

दुपारी ताईने दुकान शेजारणीवर सोपवलं आणि पालिकेची पायरी चढली. जाहिरात विभागाने तिला जनजागृतीकडे पाठवलं, जनजागृतीने पुन्हा जाहिरातीकडे. "हे आमच्याकडे येत नाही," हे वाक्य तिथे पाणी पिण्याइतकं सहज बोललं जात होतं. शेवटी डोक्याचा पार भुगा झाल्यावर ती मोहिमेच्या प्रमुख बाईंपुढे पोचली.

"तो फलक काढा."

"अहो, का? लोक थांबून थांबून वाचताहेत!"

"वाचतात आणि माझ्या भावाला मारतात."

बाई पुढे झुकल्या. "मग त्याने उलट हात उचलला?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही हो!"

"बघा, म्हणजे..." बाईंचा चेहरा उजळला.

हसावं की रडावं, ताईला कळेना. "असं करा," ती म्हणाली, "तिथे तुमचा फोटो लावा. मी रोज येता-जाता एक ठेवून देत जाईन. किती दिवस हात उठत नाही ते बघू."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी फोन उचलला. उद्या सकाळी माणूस येऊन फलक उतरवेल, असं ठरलं.

रात्री जेवताना ताईने हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, बारक्या सुटकेचा श्वास सोडेल. त्याचा घास हातातच राहिला.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? गाल बघितला मी तुझा."

"फलक नव्हता तेव्हा मारत नव्हते का?"

"मारत होते?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आधी कुणी टपली मारली की सगळे बघत उभे राहायचे, आता हा काय करतो. काही केलं नाही तर भित्रा. मागच्या गल्लीतल्या त्यालाही पहिली टपलीच मारली होती, ताई. सगळे बघत होते म्हणून तो उलटला. मी तिथेच होतो. आता मी नुसतं भिंतीकडे बोट दाखवतो. पोरं हसतात. हसली की संपतं."

"आणि तुला काय, हसं झालेलं चालतं?"

"हो," तो म्हणाला. "मला चालतं."

ताईच्या मनात आलं, हे कार्ट्याने दुकानातच सांगितलं असतं तर निदान त्या पायऱ्या तरी वाचल्या असत्या. पण त्याच्याकडे बघून तिने फक्त भाजीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

सकाळी ती चौकात पोचली तेव्हा माणूस शिडीवर चढलेला होता. वरच्या दोऱ्या सुटल्या होत्या आणि बारक्याचं कपाळ पुढे लोंबत होतं.

"अहो, थांबा! काढू नका!"

"वरून आदेश आहे. कुणा बहिणीने तक्रार केलीय."

"ती बहीण मीच. तक्रार मागे घेतली."

शिडीवरच्या माणसाने कपाळाला हात लावला. "बाई, घरात ठरवून मग पालिकेत जायचं ना!"

ताईने बाईंना फोन लावला, दोन शब्द ऐकून घेतले, आणि फोन शिडीवर दिला. तो माणूस "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला. मग फोन परत देत म्हणाला, "माझा मदतनीस आलेला नाही. आता तुम्हीच खालून कापड वर रेटून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. वाऱ्याने फाटलं तर पुन्हा माझ्या नावाने ओरडा."

ती कापड आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरली आणि दोन्ही हातांनी कापड वर रेटलं. तिथून काहीच दिसत नव्हतं. खांदे भरून आले. तेवढ्यात चौकातून बारक्याचा आवाज आला. कॉलेजला निघाला असणार. पाठोपाठ पोरांचा गलका, आणि मग सणसणीत आवाज झाला. थोबाडीतच बसली होती.

गलका एकदम थांबला. ताईच्या मुठी कापडावर आवळल्या.

"सोडू नका हं, बाई," वरून शिडीवाला म्हणाला.

तिने सोडलं नाही. कापडाच्या पलीकडे आधी कुणीतरी एकच हसलं, मग दोघंतिघं, मग सगळीच. आणि त्या हसण्यातून बारक्याच्या चपलांचा आवाज तिच्या जवळून, न थांबता, बसथांब्याकडे गेला.