एकाचे दोन होताना

मित्रांनो, चिंचवडच्या एका महाविद्यालयात मागच्या कपाटात एक काळा, रंग उडालेला सूक्ष्मदर्शक पडून आहे. तो मी.

१९६२ साली मी परदेशातून बोटीने आलो आणि पिंपरीच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत खिडकीशी बसलो. काही वर्षांनी कस्तुरा तिथे नोकरीला लागली. सांगवीच्या आपल्या घरातली ती पहिली पदवीधर. तिचा थोरला भाऊ जयसिंग एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. त्यानेच आपल्या पगारातून तिला शिकवलं होतं.

काम आटोपलं की कस्तुरा हौसेने जिवाणू पाहत बसे. जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. त्याचा सारा वारसा एका लांबलचक, गोल दोऱ्यात असतो. तेच त्याचं गुणसूत्र. एकाचे दोन व्हायचे तर आधी त्या दोऱ्याची हुबेहूब नक्कल होते. मग एक दोरा या टोकाला, दुसरा त्या टोकाला जातो आणि मध्ये भिंत उभी राहते. रंग चढवला की ते दोन गडद ठिपके मी स्वच्छ दाखवत असे. पण त्यांना सरकवतं कोण, ते मला दाखवता येत नसे. आपल्या पेशींत गुणसूत्रांना ओढणारे धागे असतात. इथे तसं काही दिसेना.

एका पावसाळ्यात जयसिंगच्या पायावर लोखंडी तुकडा पडला. त्याने जखमेला तेलकट चिंधी गुंडाळली आणि शिफ्ट पुरी केली. पुढे पाय सुजला, ताप चढला. दवाखान्यात पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, तरी उतार पडेना. शेवटी डॉक्टरांना विचारून कस्तुराने जखमेतला पू तपासायला आणला. तिचे साहेब रंगराव माझ्यावर वाकले.

"कस्तुराबाई, या कांड्या आहेत, म्हणजे कांडीच्या आकाराचे जिवाणू. पेनिसिलिनला दाद द्यायच्या नाहीत."

"पण सर, आपण तर इथे तेच बनवतो!"

"बनवतो. या जातीवर ते चालत नाही."

कस्तुराने ते जिवाणू थाळीत वाढवले, त्यांच्यावर निरनिराळी औषधं टाकून पाहिली. एकच औषध लागू पडलं, आणि ते मुंबईहून मागवावं लागणार होतं. वाट पाहताना ती पुन्हा पुन्हा माझ्यावर वाकायची. थेंबात एकाचे दोन होत होते, दोनाचे चार. कुठे गडबड नाही, विसर नाही. प्रत्येकाला त्याचा दोरा मिळत होता. एखादा तरी चुकावा, एखादी पेशी रिकामी राहावी, असं मला फार वाटे. पण मी फक्त मोठं करून दाखवू शकत होतो. थांबवू शकत नव्हतो.

औषध आलं, जयसिंगचा जीव वाचला. पण तोवर पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

पुढे कुबडी टेकत तो प्रयोगशाळेत आला. "दाव की कस्तुरे, कुणी खाल्ला माझा पाय."

तिने रंगवलेली काचपट्टी लावली. त्याने एक डोळा मिटला.

"एवढंसं? आन् आत दोन टिपकं कसलं?"

"वाटणी, दादा. दोघांना सारखी."

"कोण करतं वाटणी?"

"काहीजण म्हणतात, दोरे पेशीच्या पापुद्र्याला चिकटलेले असतात. पापुद्रा मध्ये वाढतो, तसे ते लांब जातात. पण नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"तुझ्या पुस्तकात बी न्हाई?"

"न्हाई रे दादा."

तो पाहतच राहिला. "आपल्यात हिस्सं कराय बसले की डोकी फुटत्यात," तो म्हणाला. "हे मुकाट करत्यात. म्हनून जिकत्यात." कस्तुरा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती मला तेच विचारत राहिली. पण उजेडात जेवढं दिसतं, त्यापलीकडे मला जाता येत नाही. नवी यंत्रं आली आणि मला महाविद्यालयाला देऊन टाकलं. इथल्या ओलीत माझ्या भिंगांवर बुरशीची जाळी चढली.

मागे एकदा एका मुलीने मला बाहेर काढलं. काचपट्टीवर दुभंगायला आलेला जिवाणू होता, दोन्ही टोकांना गुणसूत्रं पोचलेली. तिला नुसता करडा डाग दिसला. "काही नाही गं यात," ती मैत्रिणीला म्हणाली आणि मला परत कपाटात ठेवलं. मला ओरडता आलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना कोरड्या जागी ठेवा. आणि 'काही नाही' असं म्हणायच्या आधी एकदा भिंग पुसून पाहा.