पंचनाम्यात मी भंगार होते

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चक्की आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात, बसथांब्यामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. तीस वर्षांपूर्वी दयारामांनी मला अकोल्याहून ट्रकमध्ये घालून आणलं. त्यांची बायको जनकाबाई. पहिल्याच दिवशी तिने माझ्यावर ज्वारी दळली, गरम पीठ तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "मऊ निंगालं." ती माझी पहिली शाबासकी.

मग गल्लोगल्लीचे डबे येऊ लागले. कोणता डबा कोणाचा हे जनकाबाई झाकणावरून ओळखायची. दगड गुळगुळीत झाले की दयाराम ते खोलून टाकी लावायचे, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करायचे. ते वारल्यावर तिने तेही काम शिकून घेतलं. पुढे दुकानांत पाकिटातलं पीठ आलं, डबे कमी झाले. तरी आम्हा दोघींचं बरं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मिरवणुकीच्या वाटेवरून भांडण पेटलं. बघता बघता घोळका आमच्या गल्लीत शिरला. जनकाबाईने शटर ओढलं आणि मागच्या दाराने ती शेजारी पळाली. लोकांनी शटर वाकवून आत पेटते बोळे फेकले. माझा पट्टा जळला, मोटर जळाली. माझ्या खरेदीच्या पावत्या पेटीत होत्या, त्यांचीही राख झाली. दगड आणि लोखंड तेवढं उरलं.

तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. लिहिणाऱ्याला अजून बरीच दुकानं बघायची होती. त्याने दारातूनच माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'जुने भंगार, एक नग.' मित्रांनो, ते शब्द मला फार लागले. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला मला वजनावर मागायला आला. जनकाबाई कडाडली, "काऊन देऊ बे? जळली हाय, मेली नाही!"

तिची भाची सारिका खामगावला वकिली करते. ती धावत आली आणि तिने समजावून सांगितलं, "मावशी, दंगलीत नुकसान झालं त भरपाई मागता येते. ज्यायनं नुकसान केलं, त्यायच्याकडून ते वसूलही होऊ शकते. पण आपल्याले आज काय उरलं ते नाही, आगीच्या आधी काय होतं ते दाखवा लागते."

सारिकाने विजेची जुनी बिलं मिळवली. जनकाबाईने चिंचेने घासून माझ्या अंगावर कोरलेला कंपनीचा नंबर वर काढला. आता मला चालताना पाहिलेला साक्षीदार हवा होता. जनकाबाई घरोघर फिरली. वर्षानुवर्षं माझं पीठ नेणारी माणसं खाली बघत म्हणायची, "आमचं नाव नको, बाई." अर्जाची मुदत चार दिवसांवर आली.

त्या दिवशी रंगराव आले. भाजी पिकवून बाजारात विकणारा हा माणूस. त्यांचा मोठा मुलगा प्रज्वल दंगलीच्या गुन्ह्यात आरोपी होता. त्यांना पाहताच जनकाबाई उठून उभी राहिली.

"वहिनी, माहं नाव लिहा," रंगराव म्हणाले.

सारिकाने कागद पुढे केला नाही. "काका, उद्या वसुली निंगाली त प्रज्वलच्या वाट्यालेही येईन. समजते ना तुमाले?"

"हाव, समजते. घरात दोन दिवस हेच चालू हाय. पण चवदा वर्सं या चक्कीचं पीठ खाल्लं म्या. चक्की नव्हतीच, असं कोन्त्या तोंडानं म्हनू?"

त्यांनी सही केली. संध्याकाळी त्यांची बायको कोकिळा सही करायला आली, मग समोरच्या सिंधूताई, मग आणखी सात जणी.

भरपाईच्या अर्जावरच्या सुनावणीत रंगरावांनी हेच सांगितलं. 'भंगार' हा शब्द खोडला गेला आणि तिथे 'चालू स्थितीतील पिठाची चक्की' असं लिहिलं गेलं. जनकाबाईने ती ओळ सारिकाकडून दोनदा वाचून घेतली आणि पदराने डोळे पुसले. भरपाई यायला वर्ष गेलं. ती मागितली त्याहून कमी होती, पण नवी मोटर आणि पट्टा त्यात बसला.

मी पुन्हा सुरू झाले त्या सकाळी दाराबाहेर प्रज्वल डबा घेऊन उभा होता. तो जामिनावर सुटला होता आणि वसुलीच्या आदेशात त्याचं नाव होतं. पायरी चढायला तो धजत नव्हता. जनकाबाई दारापर्यंत आली. मग म्हणाली, "तुह्यावर राग हाय माहा, अन् तो राहीनच. पण गहू बाहीर ठेवून दळता येत नाही. आन आत."

तो आत आला. मी त्याचे गहू दळले.

मित्रांनो, आज माझ्या अंगावर काळे डाग आहेत, पण पट्टा फिरतो आहे आणि जीव हलका आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोणाच्या कष्टाच्या वस्तूवर हात उचलू नका. आणि कोणाचं काही मोडलेलं, जळलेलं तुम्हाला ठाऊक असेल, तर तुमचं नाव लिहायला पुढे या, ते कितीही जड गेलं तरी.