तीन म्हणा

बारा जानेवारीला मडिवाळप्पा शिलाईच्या मशिनीला हात लावत नाही. खरं तर सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे हे दिवस म्हणजे शिंप्याची सुगी. नंदीध्वज धरणाऱ्यांना पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या लागतात आणि बाळीवेशीतल्या निम्म्या लोकांना त्या मडिवाळप्पाच्याच हातच्या लागतात. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं राहिलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "आज न्हाय. आज आमचा मान हाय."

मान साधासुधा नव्हता. याच तारखेला इंग्रजांनी सोलापूरच्या चौघांना फासावर चढवलं होतं. दरसाल पेठेतल्या चौकात त्या चौघांच्या तसबिरी मांडल्या जात आणि पहिला हार मडिवाळप्पाचा असे. तोही त्याच्या बापाच्या, शिवप्पाच्या पुण्याईने. हार घालून झाला की मडिवाळप्पा बापाची गोष्ट सांगायचा. पंच्याहत्तरी गाठलेला हा माणूस एरवी चार शब्द बोलायला कंटाळायचा, पण त्या दिवशी त्याच्या तोंडाला धरण फुटल्यासारखं व्हायचं.

यंदाही त्याने छाती पुढे काढून सुरुवात केली. "मार्शल लॉ लागला हुता. पांढरी गांधी टोपी दिसली की गोरे सोजीर मारायचे. आमचे अप्पा निघाले काखेत टोप्यांचं गाठोडं मारून. स्वतः शिवलेल्या टोप्या! चौकात सोजिरानं अडवलं. म्हणला, काढ टोपी. अप्पा गप. सोजिरानं दांड्यानं उडवली. अप्पानं गाठोड्यातनं दुसरी काढली, घातली. ती उडवली, तिसरी घातली. गाठोडं संपलं, पण मार संपला न्हाय. तुरुंगात गेले. पण स्वतःच्या हातानं टोपी काढली न्हाय, एकदाबी न्हाय!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या घोळक्यात त्याची बायको सुंदरम्मा पदर सावरून उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासरे जिवंत होते. ही गोष्ट तिने त्यांच्याच तोंडून ऐकली होती, त्यांच्या पाठीवरचे वण तेल लावताना बोटांनी चाचपले होते. नवऱ्याला गोष्ट पाठ होती, तिला पाठच ठाऊक होती.

एवढ्यात पेठेचा पंच सिद्धलिंग ताट घेऊन पुढे आला. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. महापालिकेची निवडणूक चार दिवसांवर होती आणि पेठेने एक उमेदवार ठरवला होता. म्हणजे पंचांनी ठरवला होता आणि पेठेने मान डोलावली होती. आता घरटी एकाने बेलभंडारा उचलायचा, घरात किती मतं ते सांगायचं आणि देवाच्या साक्षीने शब्द द्यायचा. अशी शपथ घेतलेला माणूस मग मतपेटीशी एकटा असला तरी फिरत नाही. देवाचं भय मोठं.

"पयला मान काकांचा," सिद्धलिंग म्हणाला.

मडिवाळप्पा झोकात पुढे गेला. दोन दिवसांपूर्वीच दुकानात बसून त्याने सिद्धलिंगला सांगून टाकलं होतं, आमच्या घरची चार धरून चला. तो, बायको, मुलगा आणि सून. घरात कुणाला विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. आजवर कधी वाटलीच नव्हती. त्याने चिमटीत भंडारा घेतला, बेलाचं पान उचललं आणि म्हणाला, "मडिवाळप्पाच्या घरची मतं, चार."

"तीन म्हणा, री," सुंदरम्मा म्हणाली.

री म्हणजे कन्नडमध्ये अहो. आजवर सुंदरम्माने ते री चहाला बोलावताना वापरलं होतं, भर चौकात कधी नाही.

"काय बोलायलीस?" मडिवाळप्पाच्या कानशिलाच्या शिरा ताठल्या.

"माझं मत माझ्यापाशी राहू द्या. तुमाला द्यायचं त्याला तुमी द्या की. मी कुणाला द्यायचं ते मी बघीन."

सिद्धलिंग कसनुसं हसला. "काकू, पेठेचा उमेदवार हाय. वाईट हाय का माणूस?"

"वाईट म्हणलं व्हय मी? कदाचित त्यालाच देईन. पण देवाम्होरं बांधून न्हाय घेणार." मग ती नवऱ्याकडे वळली. "अप्पांची टोपी सोजिरानं उडवली, ते येगळं. स्वतःच्या हातानं त्यांनी काढली न्हाय. आन् तुमी माझं मत तुमच्या हातानं काढून ताटात ठेवायलाव, तेबी आजच्या दिवशी, त्या चौघांच्या म्होरं?"

मडिवाळप्पाच्या मनात संताप, लाज, सगळं एकदम वर आलं. पेठेत त्याचा शब्द खाली पडत नसे आणि आज बायकोने पाडला. घरी जाऊ दे, मग बघतो, असंही मनात येऊन गेलं. पण नजर तसबिरींवर गेली. हार आत्ताच त्याने घातला होता, फुलं अजून ओली होती. पन्नास वर्षं तो बापाची गोष्ट सांगत आला, टाळ्या घेत आला. आणि गोष्ट कळली ती त्याच्या बायकोला.

"काका, बघा," सिद्धलिंग हळूच म्हणाला. "घर फुटलेलं दिसलं तर फुडच्या साली हाराचा मान दुसऱ्याला द्यावा लागंल."

वर्षभर ज्याची वाट बघायचा तो मान. मडिवाळप्पाने चिमटीतल्या भंडाऱ्याकडे पाहिलं. मग बेलाचं पान त्याने परत ताटात ठेवलं आणि चिमूट तशीच धरून बायकांच्या घोळक्याकडे चालत गेला. बायका बाजूला सरल्या. सुंदरम्माने डोळे मिटले. तिला वाटलं, आता हात उठतो.

हात उठलाच. त्याने भंडारा तिच्या कपाळाला लावला.

"सिद्धलिंगा," तो मागे न बघता म्हणाला, "तीनबी लिवू नको. माझ्या घरची मतं ज्याच्या त्याच्यापाशी हाईत. आन् फुडच्या साली हार कुणालाबी घालाय सांग. मी लोकांत हुबा राहून टाळ्या वाजवीन."

त्याच्यानंतर ताटाला हात लावायला बराच वेळ कुणी पुढे आलं नाही. मग काहींनी बेलभंडारा उचलला, काहींना अचानक घरची कामं आठवली. सिद्धलिंग ताट घेऊन उन्हात उभा राहिला.

मतदानाच्या दिवशी दोघं शाळेतल्या केंद्रावर गेली. बायकांची रांग लांब होती, म्हणून मडिवाळप्पा आधी बाहेर आला आणि फाटकाशी थांबला. सुंदरम्मा आली, बोटावरची शाई पदराला लागू नये म्हणून हात अलगद धरून. कपाळावर चिमूटभर भंडारा होता. आज तिचा तिनेच लावलेला.

कुणाला दिलंस, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"इचारा की," ती हसून म्हणाली.

"न्हाय इचारत," तो म्हणाला आणि वाटेत भेटेल त्याला, न विचारताच, सांगत सुटला, "शिवप्पाची सून हाय ही!"