कडेचा पाव

विहीणबाईंचं पत्र चार महिने शब्दकोशात पडून होतं. ग्रंथपालांनी ते तिथे मुद्दाम ठेवलं होतं, म्हणजे एखादा शब्द बघायला कोश उघडला की पत्र हाती लागेल आणि आपण उत्तर लिहायला बसू. झालं उलटंच. त्यांनी कोश उघडणंच सोडून दिलं.

पत्र तसं साधं होतं. मुलाने परदेशी मुलीशी लग्न केलं होतं आणि उन्हाळ्यात दोघं म्हातारा-म्हातारी तीन महिने तिच्या आईकडे राहायला जायची होती. विहीणबाईंनी इंग्रजीत विचारलं होतं की तुम्ही काय खाता, केव्हा खाता? ग्रंथपालांनी उलट टपाली कळवलं होतं, आम्ही काहीही खातो. त्यावर हे दुसरं पत्र आलं. ‘काहीही म्हणजे काय, ते कृपया स्पष्ट करा. तुमचं तुमच्या मुलाकडून कळलं. पण तुमच्या पत्नीला काय आवडतं, ते त्याला सांगता आलं नाही. तुम्हाला अर्थातच माहीत असेल.’

त्या ‘अर्थातच’पाशी गाडं अडलं होतं. ग्रंथपालांनी कोरा कागद घेऊन सुंदर अक्षरात लिहिलं, ‘माझी पत्नी खाते.’ पुढे काही सुचेना. इंग्रजी अडत नव्हतं. चाळीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाला तेवढं इंग्रजी येत होतं. बायको काय खाते, तेच ठाऊक नव्हतं. आणि आता या वयात तिला विचारायचं कोणत्या तोंडाने?

बायकोने तोवर इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं होतं. “तिकडे जाऊन मुक्यासारखी बसू का मी?” एवढंच म्हणाली. सोबत म्हणून ग्रंथपालही जाऊ लागले. त्यांना जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचता येत, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटे. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वर्ग भरायचा. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि सगळ्यांच्या वह्या दमट व्हायच्या.

शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. नवराबायकोने एकत्र बसायचं नाही. “तुम्ही एकमेकांना प्रश्नच विचारत नाही,” त्या म्हणायच्या, “सगळं गृहीत धरता.” त्या मंगळवारी विषय होता खाण्याच्या सवयी. समोरच्याला विचारायचं, उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, किमान तीनदा. आणि समोरच्याच्या सवयी आपल्या वहीत उतरवायच्या.

ग्रंथपालांच्या वाट्याला एक निवृत्त नर्स आली. बायकोच्या वाट्याला लिफ्टवाला आला. हा माणूस उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करत फिरलेला, आता निवृत्त, बायको वारलेली. इंग्रजी दिव्य, पण जिभेला हाड नाही.

“वहिनी,” त्याने सुरुवात केली, आणि मग इंग्रजीत, “मॉर्निंग, व्हॉट ईट?”

“लिटल,” बायको म्हणाली.

“व्हॉट डू यू मीन, लिटल?”

“हाफ ब्रेड.”

“व्हिच हाफ?”

कोणता अर्धा? हा काय प्रश्न झाला, असं ग्रंथपालांना वाटतंय तोवर बायको हसली. पदर तोंडाला न लावता, मान मागे टाकून. “कडेचा,” ती मराठीतच म्हणाली. “मऊ पाव माझ्या घशात अडकतो. कडेचा, भाजून काळा झालेला.”

“आमच्या हिलाही तसाच लागायचा,” लिफ्टवाला म्हणाला. “मराठी नको वहिनी, बाई ओरडतील.”

ग्रंथपालांना रोज सकाळी मधला मऊ पाव मिळे. कडा चिमण्यांना जातात, अशी त्यांची समजूत होती.

“अहो, मला काही विचारणार आहात की नाही?” नर्स म्हणाली. “कधीची तोंड उघडून बसलेय.”

“व्हॉट डू यू ईट?” ग्रंथपाल म्हणाले, आणि कान पुन्हा पलीकडे लावले. तिकडे मीठ, बटाटा, खिडकी असे सुटे शब्द येत होते. मग बायको काहीतरी हळू आवाजात बोलली, लिफ्टवाला “नो, नो” म्हणाला, आणि दोघंही ग्रंथपालांकडे बघून गप्प झाली. त्यांना चक्क मत्सर वाटला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे असलं काही होतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, पण त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

घरी जाताना ते म्हणाले, “बराच बोलका आहे तो लिफ्टवाला.”

“विचारतो बिचारा,” बायको म्हणाली.

“बिचारा कसला? नाकाने कांदे सोलतो. व्याकरणाचा पत्ता नाही.”

“मला कळलं की त्याचं.”

पुढचे दोन दिवस ग्रंथपालांना चैन पडेना. त्या माणसाच्या वहीत एक पानभर आपली बायको आहे, हा विचार डोक्यातून जाईना. विहीणबाईंना हवं होतं ते सगळं तिथे तयार होतं, फुकट, परक्याच्या अक्षरात.

आणि शुक्रवारी लिफ्टवाल्याने वही आपणहून त्यांच्या हातात दिली. “साहेब, तुमचं इंग्रजी पक्कं. जरा तपासून द्या ना. बाईंसमोर लाज नको जायला.”

इतका सरळ चेहरा ग्रंथपालांना सहन झाला नाही. “बघतो,” ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं. बायको दुकानात गेली होती. वहीत मोठ्या, ठसठशीत अक्षरांत, मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. सकाळी अर्धा पाव, कडेचा. अकरा वाजता थंड उकडलेला बटाटा, मीठ लावून, खिडकीपाशी. दुधाचा चहा नवऱ्यासाठी, स्वतः नंतर कोरा घेते. केक अजिबात नाही. नवरा वाढदिवसाला दर वर्षी आणतो, ती शेजारी देते, त्याला सांगत नाही, वाईट वाटेल.

एकोणचाळीस केक. ग्रंथपालांनी मनात मोजले. मग ‘केक’च्या ओळीतलं क्रियापद इतक्या जोराने खोडलं की कागद फाटला. एकेक चूक ते वेचून काढत होते आणि प्रत्येक लाल रेघेबरोबर त्यांना थोडं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती. चुका सुधारल्यावर खाली काय उरत होतं? त्या माणसाने विचारलं होतं आणि आपण विचारलं नव्हतं. त्याला लाल पेन्सिल चालत नव्हती.

हेच विहीणबाईंना उतरवून पाठवावं का? कुणाला कळणार होतं? त्यांनी कागद पुढे ओढलाही. तेवढ्यात शेवटच्या दोन ओळी दिसल्या. ‘जेवते नवऱ्यानंतर, उभ्याने, शेगडीपाशी. का, ते तीनदा विचारलं. सांगितलं नाही.’

ग्रंथपालांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणजे त्यालाही सगळं मिळालं नव्हतं तर.

बायको पिशवी घेऊन आत आली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मराठीत वाक्य जुळेना.

“व्हाय डू यू ईट स्टँडिंग?” ते म्हणाले.

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. “घरात कशाला इंग्रजी?”

“मराठीत विचारायला लाज वाटते.”

तिने पिशवीतली भाजी बाहेर काढली. मग म्हणाली, “बिकॉज यू रीड.”

“व्हॉट डू यू मीन बाय दॅट?” हे वाक्य त्यांना वर्गात एकदाही नीट जमलं नव्हतं. आता सरळ आलं.

“लग्न झालं तेव्हा बसायचे की तुमच्यासमोर,” ती मराठीत म्हणाली. “तुमचं तोंड कुठे दिसायचं? पुस्तकाचं कव्हर दिसायचं. मीठ बरोबर आहे का, विचारलं की हं. कमी आहे का, तरी हं. एकदा म्हटलं, भाजीत खिळे घातलेत. हं. अकरा दिवस मोजले मी. मग म्हटलं, त्यापेक्षा शेगडी बरी. निदान तडतड तरी करते.”

ग्रंथपालांना बसावंसं वाटलं, पण ते उभेच राहिले. “मग त्या लिफ्टवाल्याला का नाही सांगितलंस?”

“नवऱ्याची उणीदुणी परक्याला कशाला सांगू? त्याने तर वहीत लिहून घेतलं असतं.”

ऐकू नये असं तिने ऐकवलं होतं, आणि तरी त्यांना आतून एक हलकट आनंद झाला. एवढी एक गोष्ट त्यांच्याकडे होती आणि त्या वहीत नव्हती.

संध्याकाळी जेवायला ते पुस्तक न घेता बसले. हात कुठे ठेवायचे ते समजेना. बायको शेगडीपाशी थोडा वेळ घुटमळली, मग ताट घेऊन समोर आली. “मीठ बरोबर आहे का?”

“कमी आहे,” ते म्हणाले.

“आहेच. मुद्दाम कमी घातलं.”

ताटं बाजूला केल्यावर तिथेच त्यांनी पत्र लिहिलं. कडेचा पाव, बटाटा, कोरा चहा. प्रत्येक गोष्ट तिला पुन्हा विचारून, वहीत न पाहता. केकपाशी ती म्हणाली, “ते नका लिहू. विहीणबाई हौसेने करतील, वाईट वाटेल.”

“वाईट नाही वाटत,” ग्रंथपाल म्हणाले. “थोडंच वाटतं. लिहितो.” आणि शेवटी लिहिलं, ‘ती उभ्याने जेवते, कारण मी जेवताना वाचत असे. तुमच्याकडे माझ्यासमोर पुस्तक दिसलं तर कृपया काढून घ्या. उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर मला माहीत नव्हतं.’

उरली लिफ्टवाल्याची वही. फाटलेल्या जागी त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली. शेवटची ओळ होती, ‘सांगितलं नाही.’ तिच्या इंग्रजीत एक चूक होती, पण ती त्यांनी तशीच राहू दिली आणि पुढे लाल पेन्सिलीने ठळक बरोबरची खूण केली.

मंगळवारी वर्गाला जाताना बायको जिन्यापाशी थांबली आणि ते एकटेच कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट अर्धं आत गेल्यावर ते थांबले. स्पेलिंग चुकलं असेल का? मग त्यांनी ते सोडून दिलं.